चाकाचा आऊट

शहागंजातले कमरोद्दीन मिस्त्री आठ दिवसांपासून एका जुन्या राजदूत मोटारसायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. नजर अधू झालेली, म्हणून वैजापूरहून, सासरहून लेक सुमय्या आली होती. रिंग कुठं हलतीय ते ती सांगायची आणि ते तारा कसायचे. संध्याकाळी सरळ फिरलेलं चाक सकाळी गिऱ्हाईकासमोर पुन्हा वाकडं फिरायचं. गिऱ्हाईक वैतागलं, सासरचे फोन थांबेनात. अब्बांच्या हातातली कला गेली, या धास्तीनं सुमय्याला रडू आवरेना.

आज ती लवकर उठली. अब्बा एकटेच चाकाशी बसून कसलेल्या तारा ढिल्या करत होते.

"अब्बा, हे काय करताय?"

ते चपापले. पाना हातातच राहिला.


"चाक सरळ झालं की तू निघून जाशील, बेटा."