चष्म्याविना

सुया खोचायच्या छोट्या गादीतल्या सगळ्या सुया आधीच ओवलेल्या होत्या. प्रत्येकीचा दोरा हातभर लांब, टोकाला एकसारखी गाठ. शिंपी स्वतः ओवायचा तेव्हा दोरे कमीजास्त व्हायचे. हे काम त्याच्या बायकोचं होतं, दुकान उघडण्याआधीचं.

आता ती पडद्याआड स्टुलावर बसून उद्याचा बायबलमधला शास्त्रपाठ हळू आवाजात वाचत होती. तो इस्त्री फिरवत तिच्या मागोमाग म्हणत होता. एका लांबलचक नावाशी तो अडला. तिने ते तोडून तोडून पुन्हा सांगितलं. उद्या उपासनेत तो पुस्तक उघडून उभा राहणार होता, पान डोळ्यांसमोर आणि ओळी डोक्यात.

चर्चच्या प्रार्थनासभेत पाळकांनी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. हात काढताच व्यासपीठावरच्या दिव्याचा झोत थेट तोंडावर आला, त्याने डोळे किलकिले केले, आणि समोर धरलेली ओळ खरंच वाचता आली. दिसतंय, असं तो म्हणाला. त्या क्षणी ते खोटं नव्हतं. घरच्या साध्या उजेडात तीच ओळ पुन्हा पुसट झाली. पण तोवर शिंप्याचा चष्मा सुटला असं गावभर झालं होतं. तेव्हापासून दर शनिवारी तो म्हणायचा, या रविवारी सांगून टाकू, आणि बायको म्हणायची, सांगू, पण जरा दमानं. गिऱ्हाईकं मापं द्यायला आली की टेपवरचे आकडे तीच वाचायची, लिहून घ्यायचं निमित्त करून. "मामा, आता मुंगीचे मोजेसुद्धा शिवाल," असं कुणी म्हटलं की तो सगळ्यांबरोबर हसायचा.

बेकरीवाल्या काकू आल्या त्या एप्रनचा तुटलेला पट्टा घेऊन. बायकोचा आवाज पडद्याआड थांबला. काकूंना पट्ट्याची घाई नव्हती. त्या खुर्चीत बसल्या आणि आनंदाची बातमी असल्यासारखं सांगू लागल्या. डोळ्यातला दाब वाढलाय म्हणून डॉक्टरांनी जन्मभराचे थेंब दिले होते. आज सकाळी त्यांनी ती बाटली बेसिनमध्ये रिकामी केली.

मुलाला माहीत आहे का, असं शिंप्याने विचारलं. काकू म्हणाल्या, त्याला कशाला सांगू, तो घर डोक्यावर घेईल. दुखतंय का, असं त्याने विचारलं. दुखत मुळीच नाही, त्या म्हणाल्या. डॉक्टर आपले घाबरवतात, की हा आजार दुखत नाही, कडेकडून नजर खातो आणि खाल्लेली परत देत नाही.

"तुम्ही काही संत नाही, मामा. रागावू नका हं. आमच्यासारखेच. मग तुमचं झालं तर माझं का होणार नाही?"

शिंप्याने इस्त्री उभी करून ठेवली. एप्रन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. शिवण कुठे उसवली आहे ते त्याला दिसेना, म्हणून तो अंगठ्याने चाचपू लागला. काकू कौतुकाने बघत राहिल्या. त्यांना ती कारागिराची सवय वाटली.

बायको बाहेर आली. तिने काकूंना चहा विचारला, एप्रन नवऱ्याच्या हातातून काढून घेतला, उद्या नेऊन देते म्हणाली. मग त्याच्याजवळ सरकून खालच्या आवाजात बोलली.

"अहो, त्यांच्या विश्वासात आपण कशाला हात घालायचा?"

"प्रभूवर असता तर घातला नसता. तो माझ्यावर आहे."

तो कुजबुजला नव्हता. काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. बायकोने एप्रनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. ती मान हलवत होती, इतकी हळू की फक्त त्यालाच कळावं. रस्त्यावरून कुणीतरी हात उंचावून त्याला नमस्कार केला. त्याने तो घेतला नाही.

"काय झालं, मामा?" काकूंनी विचारलं.

"काकू, आधी डॉक्टरांकडे जाऊन नवी बाटली आणा. मला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. त्या दिवशी दिव्याच्या झोतात एक ओळ दिसली, तेवढीच. उद्या मंडळीसमोर उभा राहून मी हेच सांगणार आहे."