झेंड्याखालची खुर्ची

"बसा," बंडखोरांचा कमांडर म्हणाला. नाक्यावरची एकुलती खुर्ची नेमकी त्याच्या झेंड्याखाली मांडली होती, आणि त्याचा माणूस मोबाइल रोखून तयारच होता.

या देशातला आपला राजदूत म्हणून दिल्लीने मला बजावलं होतं, "त्यांचं सरकार आपण मानत नाही. त्या झेंड्याखाली तुमचा फोटो निघता कामा नये." दिल्लीला सांगायला काय जातंय! माझ्यामागे आपण पाठवलेल्या लसींचे ट्रक उन्हात तापत होते. खोक्यांतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"बसत नसाल, तर ट्रक मागे घ्या."

वाटेत दुभाषी म्हणाला होता, इथे पाहुण्यापेक्षा उंच कुणी बसत नाही, आणि चहा संपेपर्यंत त्याच्या केसालाच काय, त्याच्या सामानालाही धक्का लागत नाही. मी बूट काढले आणि ट्रकच्या सावलीत, धुळीतच मांडी घातली. "चहा इथेच घेऊ."

कमांडरचा हात पिस्तुलाकडे गेला. त्याने पिस्तूल काढून खुर्चीवर ठेवलं आणि माझ्यासमोर धुळीत बसला.

चहा आला. त्याने नाका उघडायची खूण केली. शेवटचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी पेल्यात एक घोट राखून ठेवला.