एकदम नव्यासारखी

बाबांच्या जुन्या विलायती टूरिंग सायकलला अनुपम जन्मभर 'कबाड' म्हणत आला. त्या सायकलवर बाबा नदीवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून थेट नागपूरपर्यंत जाऊन यायचे, आणि हा निर्लज्ज चारचौघांत त्यांची टिंगल करायचा. बाबा गेल्यापासून आई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. तीन वर्षांनी का होईना, त्याला लाज वाटली. आई महिनाभर शहपुऱ्याला मावशीकडे गेली, तशी त्यानं ती सायकल दुरुस्तीला काढली.

ऑफिसातून आला की तो तिच्यामागंच लागायचा. गंज खरवडला, मूळचा हिरवा रंग शोधून दिला, बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गल्ल्या पालथ्या घालून जुन्या घडणीची घंटी आणली. चाळीस वर्षं बाबा बसून बसून चामड्याच्या सीटला खोलगा पडला होता. ती सीट भिजवून, ताणून, ठोकून त्यानं पाटासारखी सपाट केली.

आई परत आली, तेव्हा त्यानं सायकल अंगणातच उभी ठेवली होती.

"देख ना आई, एकदम नव्यासारखी. बाबांनी आणली तेव्हा अशीच असेल, नाही?"

आईनं सीटवर तळहात ठेवला. पुढं सरकवला, मागं आणला, पुन्हा पुढं नेला.



"रोज सकाळी त्या खोलग्यात हात ठेवून मी यांच्याशी बोलून राहिले होते रे," ती म्हणाली. "आता कुठं ठेवू?"