इरकली बासन

"काका, पोथी सापडली नाही तर नोंद गाळावी लागेल," ग्रंथालयातल्या देवरेबाई कपाटासमोर बसून म्हणाल्या. आमच्या यांनी आयुष्यभर खानदेशात हिंडून केलेली हस्तलिखितांची सूची छापायला निघाली होती. गुरांच्या औषधांची एक पोथी तेवढी पडताळायची राहिली होती. पण बासनांवरच्या चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या आणि यांची दृष्टी गेलेली.

बासनं म्हणजे माझीच जुनी लुगडी. पोथी घरात आली की मी एक लुगडं फाडायची आणि पोथी त्यात बांधून ठेवायची. तेच लुगडं नवं असताना नेसून समोर उभी राहिले, तरी यांची मान कधी वर झाली नव्हती.

"मला कपाटापाशी न्या," हे म्हणाले आणि एकेका बासनावरून हात फिरवू लागले. "ही संक्रांतीची चंद्रकळा. हे आपल्या कुंदाच्या बारशातलं, मऊ." मी तांदूळ निवडायचे थांबले. एक काठ त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपला. "हे इरकली. काठ टोचतो म्हणून भाच्याच्या लग्नात दिवसभर कुरकुरत होती ही. पण दिसत होती छान. गुरांची पोथी यातच बांधली होती. सोडा, बाई."

देवरेबाईंनी गाठ सोडली. पहिल्याच पानावर बैल काढलेला होता.

"इतकं सगळं बघत होतात, तर तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोललो असतो, तर तू एक तरी लुगडं फाडलं असतंस का?" हे म्हणाले.