मुठीतला पेढा

"ताई, प्रसादाला नाही म्हणू नये," म्हणत गुरवकाकांनी मृदुलाच्या हातावर पेढा ठेवला. ती रिकाम्या पोटी घाट धावत चढून देवळापाशी पोचली होती.

गेल्या स्पर्धेत साखरेच्या जेलची पाकिटं चोखत ती धावली आणि पाकिटं संपताच रस्त्यात मटकन बसली. तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं केलं होतं, अंगात साठलेल्या चरबीवर पळायला या शरीराला शिकवायचंच.

तिनं पेढा कपाळाला लावला, मुठीत धरला आणि उताराला लागली.

अर्ध्या घाटात पाय शिशासारखे जड झाले. मुठीतून वेलदोड्याचा वास येत होता. "पायथ्याशी गेल्यावर," तिनं पोटाला दटावलं. वेग कमी केला, पण थांबली नाही. पुढे एका वळणानंतर पाय हळूहळू हलके होत गेले आणि पेढ्याचा तिला विसरच पडला.

पायथ्याशी नवरा पोह्यांचा डबा घेऊन उभा होता. तिनं मूठ उघडली.

"अगं, प्रसाद असा चुरगळतात का?"

"तुम्हीच खा तो," ती मागे वळत म्हणाली. "मी आणखी एकदा वर जाऊन येते. काकांनी पुन्हा दिला, तर तोही आणते."