एल्रॉय कुबेनाची एक फेरी

फिडल सुरू झालं, पाठोपाठ स्टील गिटार विव्हळली, आणि एल्रॉय कुबेना नाचाच्या हॉलमध्ये मधोमध खांबासारखा उभा राहिला. समोर नेडीन. दोघांचे हात वर, पाय जमिनीला. एल्रॉय वाट बघत होता नेडीन कधी निघते याची. नेडीन वाट बघत होती एल्रॉय कधी निघतो याची.

टेक्सासातल्या आमच्या या पत्र्याच्या हॉलमध्ये थांबणं म्हणजे गुन्हा. सगळी जोडपी एकामागून एक गोल फिरत असतात. पुरुष तोंड पुढे करून, बाई पाठ पुढे करून. मध्येच कुणी थांबलं की मागचे येऊन आदळतात. पाय सहज सरकावेत म्हणून लाकडी जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरलेलं असतं, त्यामुळे आदळतात तेही सफाईनं.

आणि एल्रॉयला तर थांबून चालणारच नव्हतं. नेडीनच्या जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, गल्ल्यापाशी, त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "शनिवारी हॉलवर ये. एक पूर्ण फेरी नाच माझ्याबरोबर. मग सांगते. नाचता न येणाऱ्या नवऱ्याबरोबर एक संसार करून झालाय माझा, आता दुसरा नको."

एल्रॉयनं जन्मात गाईंशिवाय कुणाला फिरवलं नव्हतं. तो थोरल्या बहिणीकडे गेला. जॉर्जीननं टेबल भिंतीला सरकवलं, रेडिओ लावला आणि आठवडाभर त्याला स्वयंपाकघरात घुमवला. साठीचा विद्यार्थी झकास तयार झाला. घोटाळा एकच होता, आणि तो बहीण-भावापैकी कुणाच्याच लक्षात आला नव्हता. जॉर्जीनला दुसऱ्याच्या कलानं जाणं ठाऊकच नाही. नवऱ्याला, शेजाऱ्यांना, चर्चच्या पाद्र्याला तीच चालवते. तिनं भावालाही चालवलं. एल्रॉय अख्खा नाच शिकला, पण बाईचा.

म्हणून तो आता पाठ पुढे करून, मान जराशी कलती ठेवून, कुणी आपल्याला नेईल याची वाट बघत होता.

"चल की," नेडीन कुजबुजली.

"तू ने की," एल्रॉय म्हणाला.

तेवढ्यात मागून वेंडेल, आमच्याकडचा सगळ्यात सराईत नाचणारा, जोडीदारणीसकट येऊन नेडीनवर आदळला. ती एक पाऊल पुढे ढकलली गेली. एल्रॉयला इशारा मिळाला. तो मागे सरकला, आणि असा काही हलका, ठेक्यात सरकला की नेडीनला पुढे जाण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. कोपऱ्यावर तिनं घाबरून हात वर केला, तर हा सहा फुटी गडी गुडघे वाकवून तिच्या हाताखालून गर्रकन फिरला. हॅट उडाली. बारजवळच्या बायका हसून हसून खाली बसल्या.

एव्हाना एल्रॉयला आपली चूक कळली होती. कान लालबुंद झाले होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण फेरी पुरी करायची होती, आणि त्याला ती याच एका रीतीनं करता येत होती.

फेरी पुरी झाली, गाणं संपलं. शेवटी बाई जशी मागे रेलते तसा एल्रॉय सवयीनं रेलला. नेडीन रोज खाद्याची पोती उचलते म्हणून बरं. तिनं त्याला जमिनीपासून वीतभर वर झेलला.

"नेडीन, तुमच्यात नवरी कोण गं?" वेंडेल ओरडला. हॉल खदखदला.

तिच्या हातावर आडवा पडलेला एल्रॉय कसाबसा म्हणाला, "पुढच्या शनिवारपर्यंत वेळ दे. सरळ बाजूनं शिकून येतो."

"शिकून तर बघ," नेडीन धापा टाकत म्हणाली. "लग्न ठरलं आपलं. सोळाव्या वर्षापासून या हॉलमध्ये पाठमोरी नाचतेय मी. आपण कुठे चाललोय, ते आज पहिल्यांदा दिसलं."