वहीतलं नाव

"नाव वहीत होतं, पोरी. म्हणून आम्ही रात्रभर खालचं रान पिंजून काढलं. आणि तुझा बाप वर!"

आर्नफिन म्हणाला. तो शोधपथकाचा प्रमुख, आणि टोरलेइव्हचा शाळेपासूनचा दोस्त. सुन्निवा टोरलेइव्हची मुलगी. शहरातून पहाटेच्या गाडीने आली होती. केबिनच्या टेबलावर वही उघडी होती. कालच्या तारखेखाली लिहिलं होतं: टोरलेइव्ह, सुन्निवा. पुढे स्टेशन.

या अभयारण्यात स्कीवरून फिरणारा माणूस केबिन लागली की आधी वहीत नाव टाकतो, मग हातमोजे काढतो. कोण, कुठून आला, कुठे चालला. कुणी हरवलं तर पहिली तीच वही उघडायची, आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं.

"इथवर आला म्हणजे फक्त उतार राहिला, असं धरलं मी," आर्नफिन म्हणाला. "चौतीस माणसं लावली खाली. आणि तो सापडला इथून सहाशे पावलांवर, वरच्या वळणाला. घोटा मोडलेला. डॉक्टर म्हणतात, पहाटेपर्यंत जीव होता त्याच्यात. अगं, इथे पोचलेला माणूस परत वर कशाला जाईल? डोकं फुटायची वेळ आलीय माझी."

"बाबा पोचलेच नव्हते, काका."

"म्हणजे?"

"त्यांचं नाव मी लिहिलं."

मग ती बोलतच सुटली. बाबा मागे राहायचे, दर दहा पावलांवर थांबून स्प्रूसच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघत बसायचे. लहानपणापासून त्यांचं एकच: तू हो पुढे, माझंही नाव टाक. काल इथे केबिनमध्ये अर्धा तास वाट पाहिली तिने. पण गाडी चुकली असती. त्यांना वाट तोंडपाठ होती, येतील सावकाश, म्हणून ती निघून गेली. थंडीने फोन बंद पडला होता. घरी पोचून तो चार्जिंगला लावला आणि तिला झोप लागली; रात्री आलेले फोन तिला ऐकूच आले नाहीत.

"झोपले हो मी, काका. गाढ झोपले."

आर्नफिनने हात उगारल्यासारखा वर नेला आणि स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला.

"बायकोचं नाव मीही असंच लिहितो," तो शेवटी म्हणाला. "सगळेच लिहितात. तुला शिव्या घालाव्यात तरी कुठल्या तोंडाने?"

तेवढ्यात सुन्निवाचा फोन वाजला. आई. खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचा शब्दन् शब्द आर्नफिनला ऐकू येत होता.

"सुन्निवा, काल रात्री आर्नफिन म्हणाला, वहीत नाव आहे, केबिनपर्यंत आलाय, काळजी करू नका. मी देवाचे आभार मानले गं. आणि आता म्हणतात, वर सापडला."

"हो, आई."

"मग परत का फिरला? मला सारखं तेच येतंय डोक्यात. काल निघताना मी त्याला टाकून बोलले. म्हटलं, जा त्या झाडांपाशीच राहा, घरी तुझं कुणाला काम आहे? नेहमीचंच बोलणं गं. चाळीस वर्षं तेच बोलतेय. पण काल त्याने मनाला लावून घेतलं असेल का? म्हणून फिरला का तो मागे?"

सुन्निवाने डोळे गच्च मिटून घेतले.

"सांग तिला," आर्नफिन हळूच म्हणाला. "आत्ता सांग, पोरी."

"सुन्निवा? अगं, घरी यायचंच नव्हतं का त्याला?"

सुन्निवाने दोनदा तोंड उघडलं.

"आई," ती म्हणाली, "तू काही खाल्लंस का?"